राज्य चांगले चालत असेल, तर नागरिकाने सार्वजनिक कामात का पडावे?

बडोद्यातील एका तरुण वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे : सयाजीराव महाराजांच्या काळी प्रजेच्या हाती सत्ता नव्हती, तरीही शाळा, ग्रंथालये, आजवा तलावाचे पाणी, बागा हे सगळे मिळाले, आज प्रत्येकाला मत आहे, पण गटाराच्या साध्या कामासाठी खंडेराव मार्केटमधल्या महापालिकेच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. मग स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय समजायचे? आणि चांगला कारभार मिळत असेल, तर नोकरी व संसार सांभाळणाऱ्या माणसाने सार्वजनिक जीवनात उतरण्याची गरज काय?

मी अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले आणि त्याच काळात पोळांतल्या (जुन्या शहरातल्या गल्ल्यांतल्या) व सोसायट्यांतल्या रहिवाशांबरोबर बसून नगररचनेच्या योजनांवरील हरकती, माहिती अधिकाराचे अर्ज, वॉर्ड ऑफिसला द्यायची निवेदने लिहिली. त्यामुळे हे उत्तर ग्रंथांतून जितके आले आहे, तितकेच त्या बैठकांतून आले आहे.

प्रश्नामागचा आदर खरा आहे आणि तो योग्यही आहे. बडोदे संस्थानाने 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच हेतूने 1911 मध्ये मांडलेले विधेयक सरकारने पुढच्या वर्षी हाणून पाडले, हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याचे काम किती पुढचे होते ते कळते. 1910 पासून राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. बालविवाहाला आळा घालणारा कायदा त्याआधीच, 1904 मध्ये झाला होता. असा कारभार ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिला, त्यांना राजकीय हक्कांची भाषा थोडी पोकळ वाटली तर त्यात नवल नाही.

राजकीय तत्त्वज्ञानातही या मताला भक्कम आधार आहे. आयझाया बर्लिन यांनी 1958 मध्ये ऑक्सफर्डच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले : मला कोणी अडवू नये हा एक, आणि माझा कारभार माझ्या हाती असावा हा दुसरा. पहिल्या अर्थाचे स्वातंत्र्य लोकशाहीशिवायही असू शकते, हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. उदार वृत्तीचा एकछत्री राजा प्रजेला भरपूर मोकळीक देऊ शकतो, आणि बहुमताचे सरकार ती हिरावून घेऊ शकते. बडोद्याचा प्रश्न हा मुळात बर्लिन यांचाच प्रश्न आहे, आणि पहिला अर्थ हाच स्वातंत्र्याचा पूर्ण अर्थ मानला, तर आपल्या वाचकाला उत्तर देता येत नाही.

मला तो अर्थ अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण बडोद्याच्याच इतिहासात आहे. 1875 मध्ये ब्रिटिशांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेववून गादीवर बसवला. तो मुलगा सयाजीराव निघाला, हे प्रजेचे मोठे भाग्य. परंतु मल्हारराव गादीवर आले तेव्हाही प्रजेला कोणी विचारले नव्हते, आणि गेले तेव्हाही नाही. एकाच गादीवर काही वर्षांच्या अंतराने बसलेल्या दोन माणसांमुळे लोकांचे आयुष्य पार बदलून जात असेल, तर त्या चांगल्या दिवसांत लोक सुखी होते असे म्हणता येईल. स्वतंत्र होते असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. स्वतः महाराजांनाही हे चुकले नाही. 1911 च्या दिल्ली दरबारात त्यांनी सम्राटाला केलेला मुजरा पुरेसा नम्र नव्हता, असा गहजब ब्रिटिश वृत्तपत्रांनी केला आणि एवढ्या कर्तबगार राजाला खुलासा द्यावा लागला. त्यांचा कारभार रोज कोणी अडवत नव्हते. पण तो कधीही अडवू शकेल असा कोणीतरी डोक्यावर होता.

अलीकडच्या काळात राजकीय तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी 1997 मध्ये हाच विचार नेमकेपणाने मांडला. मालक दयाळू असला तरी गुलाम गुलामच असतो, कारण मालकाने हात उगारला नाही तो त्याच्या मर्जीने. गुलामाच्या हाती त्यावर काही इलाज नसतो. म्हणून आज मला कोणी अडवते का, हा स्वातंत्र्याचा प्रश्न अर्धाच होतो. मला मनमानी अडवण्याची ताकद कोणाच्या हाती आहे, आणि ती वापरणाऱ्याला जाब विचारण्याची ताकद माझ्या हाती आहे का, हा त्याचा उरलेला आणि अधिक महत्त्वाचा भाग होय.

हा भेद पुस्तकी नाही. मुंबई राज्यातून आलेला 1951 चा पोलीस कायदा गुजरातेत लागू होता आणि त्याखालच्या एका नियमाप्रमाणे अहमदाबादच्या सार्वजनिक रस्त्यावर सभा घ्यायला पोलिसांची पूर्वपरवानगी लागे. मात्र ती कोणत्या कारणाने द्यायची किंवा नाकारायची, हे नियमात कोठेही सांगितलेले नव्हते. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात तो नियम रद्द केला. रस्त्यावरच्या सभांचे नियमन राज्याने करावे, याला न्यायालयाची हरकत नव्हती. पण नागरिकाचा एकत्र जमण्याचा मूलभूत हक्क अधिकाऱ्याच्या अनिर्बंध मर्जीवर टांगून ठेवता येणार नाही, असे त्याने सांगितले. समजा, त्या काळातल्या एखाद्या सज्जन पोलीस आयुक्ताने आलेल्या प्रत्येक अर्जाला परवानगी दिली असती. बर्लिन यांच्या पहिल्या अर्थाने मग तक्रारीला जागाच उरली नसती. तरीही तो नियम वाईटच होता, आणि तो का वाईट होता हे ज्याला उमगले, त्याला माझ्या उत्तराचा पहिला भाग पटला असे मी समजेन.

आता दुसरा भाग, जो मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. वरचे विवेचन राजा किंवा सरकार आणि प्रजा यांच्याविषयी आहे. माणसाच्या मोकळेपणावर टाच आणणारी सत्ता नेहमी सिंहासनावरच बसलेली असते, असे नाही. महाराजांनी 1913 मध्ये शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलेले भीमराव आंबेडकर 1917 मध्ये करारानुसार राज्याच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. कायदा त्यांच्या विरुद्ध नव्हता, राजा त्यांच्या बाजूचा होता, नोकरी हातात होती. तरीही या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या डझनभर लोकांनी त्यांना तिथून निघून जायला लावले. त्यांच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही घरात घेण्याची असमर्थता दाखवली, त्यामुळे हा दोष कोणा एका समाजाच्या माथी मारता येत नाही. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

भल्या राजाच्या राज्यात, राजाच्या मर्जीतल्या माणसाला हे भोगावे लागले. उत्तम कारभार शाळा देऊ शकतो, पाणी देऊ शकतो, नोकरीही देऊ शकतो. पण शहरातले लोक एकमेकांना बरोबरीचे नागरिक म्हणून वागवतील, ही हमी वरून देता येत नाही. ती लोकांनी आपसांत, उघड्यावर, सर्वांच्या देखत निर्माण करावी लागते. पुढे दहा वर्षांनी महाडला जे घडले ते या दृष्टीने वाचावे. मुंबई कायदे कौन्सिलात 1923 मध्ये रावबहादुर बोले यांचा ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते, आणि महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे मान्य केले होते. कागदावर हक्क पूर्ण होता. परंतु 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसे चालत चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली, तोवर तो हक्क कोणाच्याही आयुष्यात उतरलेला नव्हता.

हाना आरेंट यांच्या विचाराचे महत्त्व मला इथे जाणवते. जर्मनीतल्या ज्यू कुटुंबात 1906 मध्ये जन्मलेल्या आरेंट यांना 1933 मध्ये देश सोडावा लागला, पुढे जर्मन नागरिकत्वही गेले आणि अमेरिकेचे नागरिकत्व मिळेपर्यंत अनेक वर्षे त्या कोणत्याच राष्ट्राच्या नागरिक नव्हत्या. पोटापाण्यासाठी केलेले श्रम, टिकाऊ वस्तू घडवणारे काम आणि इतरांसमवेत बोलून-वागून काहीतरी नवे सुरू करणारी कृती, या तीन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या आणि स्वातंत्र्याचे खरे ठिकाण तिसरीत आहे असे सांगितले. त्यांच्या मते स्वातंत्र्य मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवता येत नाही. माणसे बरोबरीच्या नात्याने एकत्र येतात तेव्हा ते प्रकट होते आणि पांगली की मावळते. सत्तेविषयीही त्या असेच म्हणत : सत्ता ही कोणा एकाची मालमत्ता नाही, ती एकत्र आलेल्या लोकांमध्ये उत्पन्न होते. महाडला गेलेल्या माणसांपाशी ना शस्त्र होते ना पद; जे घडले ते केवळ एकत्र जाण्यातून घडले.

मात्र आरेंट यांनी सामाजिक प्रश्न आणि राजकीय क्षेत्र यांच्यात जी रेषा ओढली, ती आपल्याकडे टिकत नाही. खोली कोणाला मिळते, पाणी कोण पिते, कोणाच्या पंक्तीला कोण बसते, हे त्यांच्या लेखी बहुधा समाजाचे प्रश्न ठरले असते. आपल्या देशात सार्वजनिक जीवनाचे दार याच प्रश्नांपाशी उघडते किंवा बंद होते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा पाया हवा, आणि स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी वेगळी करता येत नाही, असे बजावले. त्याच भाषणात थोर पुरुषाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नका, हा इशाराही त्यांनी दिला. ज्या संस्थानाने त्यांना शिकवले त्याविषयी ते आयुष्यभर कृतज्ञ होते. कृतज्ञता आणि आपले हक्क दुसऱ्याच्या स्वाधीन करणे यांतला फरक त्यांच्याइतका स्पष्ट फार थोड्यांना दिसला असेल.

इथे एक अडचण आहे, आणि तिला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. काठ्या घेऊन विश्रामगृहावर आलेले लोकही एकत्रच आले होते. आजही शेजारी अमुक धर्माचा किंवा जातीचा माणूस नको म्हणून सह्या गोळा होतात, निवेदने दिली जातात, आणि त्यालाही नागरिकांची एकजूट म्हटले जाते. बडोद्याला असे अर्ज अपरिचित नाहीत. भाडेकरूंना सोसायटीच्या सभेत बोलू न देणे, फेरीवाल्यांना उठवण्यासाठी वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेणे, हेही त्याच जातीचे. माझी कसोटी अशी आहे की, ज्या कृतीनंतर सार्वजनिक जागेत ताठ मानेने उभी राहू शकणारी माणसे वाढतात, ती स्वातंत्र्याची कृती. ज्या कृतीनंतर ती घटतात, ती कितीही शिस्तबद्ध आणि कितीही सह्यांची असली तरी सत्तेचा गैरवापरच. सह्या करण्याआधी त्या कागदामुळे कोणाला जावे लागणार आहे, आणि त्याला इथे बोलावले आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. मी ज्या बैठकांना जाते तिथे हे प्रश्न मी सर्वांत आधी विचारते, आणि त्यामुळे काही बैठका तिथेच मोडल्या आहेत. त्या मोडल्या याचे मला समाधान आहे.

वेळ नाही, ही आपल्या वाचकाची शेवटची सबब. ती खोटी नाही. फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट यांनी 1819 मध्येच पॅरिसच्या व्याख्यानात सांगितले होते की, प्राचीन नगरराज्यातला नागरिक दिवसदिवस सभेत बसू शकत असे, आधुनिक माणूस व्यापारात आणि घरात गुंतलेला असतो, आणि त्याच्या खासगी आयुष्याला किंमत द्यायलाच हवी. परंतु पुढे त्यांनी हेही सांगितले की, आधुनिक स्वातंत्र्याचा धोका नेमका इथेच आहे : आपल्या सुखात रमलेला माणूस सत्तेतला आपला वाटा सहज सोडून देतो, आणि सत्ताधाऱ्यांना तेच हवे असते. म्हणून रोज राजकारण करा असे मी कोणालाही सांगत नाही. ज्या दारातून आपला वाटा निसटतो ते दार कोणते आणि ते कधी उघडे असते, एवढे मात्र प्रत्येकाने जाणून घ्यावे.

खरे तर आपल्या व्यवस्थेत अशी दारे अरुंदच ठेवली आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असे ठरवले, पण त्यांत कोण बसेल हे राज्यांच्या कायद्यांवर सोडले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या थॉमस जेफर्सन यांना उतारवयात हीच खंत होती, आणि आरेंट यांनी ती आपल्या क्रांतीविषयीच्या विवेचनात पुढे आणली : लोकांना सार्वभौम म्हटले, परंतु मतदानाचा दिवस सोडून नागरिक म्हणून वागायला त्यांना जागा कुठे दिली? बडोद्यात 19 वॉर्ड आहेत आणि प्रत्येकातून चार नगरसेवक निवडून येतात. एका वॉर्डातल्या लोकसंख्येचा विचार केला तर सामान्य रहिवाशाने सभागृहात आपले म्हणणे ऐकू जाण्याची अपेक्षा करणे कठीण आहे. म्हणून कायद्याने जिथे ऐकून घेणे बंधनकारक केले आहे, त्या जागा शोधाव्या लागतात.

त्यातली सर्वांत मोठी, आणि सर्वांत दुर्लक्षित, जागा म्हणजे टी.पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीम, म्हणजेच नगररचना योजना. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्याखाली शहराच्या वाढत्या भागातली जमीन एकत्र करून तिची पुन्हा आखणी होते आणि तिचा काही हिस्सा सार्वजनिक कामांसाठी काढून घेता येतो : सुमारे 15 टक्के रस्त्यांसाठी, 5 टक्के बागा व मोकळ्या जागांसाठी, 5 टक्के शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठी, आणि 15 टक्के प्राधिकरणाने विकून खर्च भागवण्यासाठी. पुढच्या पन्नास वर्षांत त्या भागातली मुले कुठे खेळतील आणि पावसाचे पाणी कुठून वाहील, हे या आकड्यांत ठरते. प्रारूप योजना जाहीर झाली की बाधित व्यक्तीला लेखी हरकत घ्यायला एक महिना मिळतो. जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक त्या महिन्याची वाट पाहत असतात. शेजारच्या सोसायटीतल्या चारशे माणसांना तो आला आणि गेला हेही कळत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी घरांत शिरले तेव्हा सारे शहर संतापले, आणि तो संताप योग्य होता. पण नदीच्या काठाचे काय करायचे हे ज्या कागदांवर ठरत गेले, ते वाचणारी माणसे मूठभर होती. त्या मूठभरांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली म्हणूनच 2021 मध्ये नदीच्या कृती आराखड्याविषयी आदेश निघाले.

आपल्या वाचकाने सुरुवात करायची असेल तर एकट्याने करू नये. सोसायटीतली पाच-सहा माणसे पुरतात, पण त्यांत किमान एक भाडेकरू, एक गृहिणी आणि कामाला येणाऱ्या बायकांपैकी एखादी असावी. रस्ता, पाणी आणि दिवा यांविषयी त्यांना जे माहीत असते ते घरमालकांना नसते. आपला भाग कोणत्या टी.पी. स्कीममध्ये येतो आणि बागेसाठी कोणता अंतिम भूखंड (नव्या आखणीनंतर ठरलेला जमिनीचा तुकडा) राखला आहे, हे आधी नकाशावर पाहून घ्यावे. मग तो भूखंड प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावा. नकाशातली बाग आणि जागेवरचे कुंपण जुळत नसेल, तर आरक्षणात बदल झाला का, कोणत्या ठरावाने झाला आणि आलेल्या हरकतींवर काय कारणे नोंदवली, हे माहिती अधिकाराच्या अर्जात विचारावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे. अर्जात मागणी किंवा तक्रार लिहू नये, फक्त कागद मागावेत. प्रत्येक कागदाची पोच तारीख आणि आवक क्रमांकासह घ्यावी. मिळालेले उत्तर फोनवर पाठवून मोकळे न होता सोसायटीच्या आवारात सर्वांना बोलावून वाचून दाखवावे, आणि पुढचे पाऊल त्या बैठकीतच, विरोधी मत नोंदवून, ठरवावे.